तिसरीत भाषा का बदलते? नुनाविकच्या शाळांचा इतिहास

हडसन बेच्या पूर्व किनाऱ्यावर, ग्रेट व्हेल नदीच्या मुखाशी एक गाव आहे. त्याला चार नावं आहेत. इनुइट लोक त्याला कुज्जुआरापिक म्हणतात, शेजारी राहणारे क्री लोक व्हापमागूस्टुई म्हणतात. इंग्रजीत ते ग्रेट व्हेल रिव्हर आणि फ्रेंचमध्ये पोस्त-द-ला-बालेन. गावाला बाहेरून येणारा रस्ता नाही. विमानाने जायचं, आणि उन्हाळ्यात समुद्र मोकळा झाला की सामानाचं जहाज येतं. दोन्ही समाज मिळून वस्ती दोन हजारांच्या आत. पण एवढ्याशा वस्तीत शाळा दोन मंडळांच्या आहेत, क्री मुलांची वेगळी आणि इनुइट मुलांची वेगळी. इनुइट मुलाचा शाळेतला प्रवास गेली कित्येक वर्षं साधारण असा आहे: बालवर्ग, पहिली, दुसरी इनुक्टिटुट भाषेत, मग तिसरीच्या सुमारास पालकांनी निवडायचं, इंग्रजी की फ्रेंच. त्यानंतर इनुक्टिटुट हा वेळापत्रकातला एक विषय म्हणून उरतो.

आज या तिसरीबद्दल लिहायचं आहे. भाषा तिथेच का बदलते, हे कोणी ठरवलं, आणि मुलांवर त्याचा काय परिणाम होतो हे कोणी कसं मोजलं.

तुमच्यापैकी जे पेटची तयारी करत आहेत किंवा सिनॉप्सिस लिहायला बसले आहेत, त्यांच्यासाठी हे मुद्दाम. मी मूळची संख्याशास्त्राची. पीएचडीला आल्यापासून शिक्षणशास्त्रातले आणि भाषाशास्त्रातले मित्रमैत्रिणी आपापले आराखडे वाचायला देतात, आणि त्यात एक वाक्य हमखास सापडतं: "मातृभाषेतून शिक्षण सर्वोत्तम असते हे सिद्ध झालेले आहे." कुठे सिद्ध झालं? कोणत्या मुलांची तुलना कोणत्या मुलांशी केली? आणि सर्वोत्तम म्हणजे कशासाठी सर्वोत्तम: ती भाषा टिकायला, दुसरी भाषा यायला, गणित जमायला की नोकरी लागायला? हे चार वेगवेगळे प्रश्न आहेत. जगात फार थोड्या ठिकाणी त्यांची उत्तरं शोधता येतील अशी परिस्थिती आपोआप तयार झाली. नुनाविक त्यातलं एक.

आधी भूगोल. नुनाविक म्हणजे कॅनडाच्या क्वेबेक प्रांताचा उत्तरेकडचा तुकडा. नुनावुत वेगळा, तो १९९९ मध्ये झालेला स्वतंत्र प्रदेश. नावांमुळे गोंधळ होतो म्हणून आताच सांगते. नुनाविकचं क्षेत्रफळ सुमारे ४ लाख ४० हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ दीडपट, आणि लोकसंख्या सुमारे १४ हजार. किनाऱ्याने १४ गावं, एकमेकांना रस्त्याने न जोडलेली. बहुसंख्य लोक इनुइट. (हे अनेकवचन आहे बरं का. एकटा माणूस असेल तर तो इनुक.)

या लोकांना लिहायला-वाचायला शाळेने शिकवलं नाही. साक्षरता आधी आली, शाळा नंतर. १८४० मध्ये जेम्स एव्हान्स नावाच्या मेथडिस्ट मिशनऱ्याने नॉर्वे हाउस या ठाण्यावर क्री भाषेसाठी एक लिपी बसवली. अक्षराचा आकार व्यंजन सांगतो, आणि ते अक्षर कोणत्या दिशेला वळलंय त्यावरून स्वर कळतो. म्हणजे आपली बाराखडी, पण काना-मात्रा न लावता अक्षरच फिरवायचं. या आकारांमागे एव्हान्सला माहीत असलेली इंग्रजी लघुलिपी आहे असं काही अभ्यासक म्हणतात, तर काहींनी त्यातल्या अक्षरांची आणि जोडणीच्या कल्पनेची देवनागरीशी तुलना करून तिकडे बोट दाखवलं आहे. वाद मिटलेला नाही, पण तुलना वाचताना मजा येते. पुढे दुसऱ्या मिशनऱ्यांनी ही लिपी इनुक्टिटुटला लावून घेतली. एडमंड पेक हा अँग्लिकन मिशनरी १८७६ मध्ये लिटल व्हेल नदीवर आला, आणि त्याच्या धर्मपुस्तकांबरोबर ती किनाऱ्याने पसरली. आईने मुलीला शिकवायची, मोठ्या भावाने धाकट्याला, शिकारीच्या तंबूत, हिवाळ्यात. फळा नाही, परीक्षा नाही.

ती किती खोल गेली होती याचं एक उदाहरण देते. कांगिर्सुजुआकची मितिआर्जुक नापालुक कधी शाळेत गेली नव्हती. १९५० च्या दशकात मिशनऱ्यांना भाषा शिकायला मदत व्हावी म्हणून त्यांनी तिला रोजच्या वापरातली वाक्यं लिहून द्यायला सांगितलं. तिला वाक्यांचा कंटाळा आला असावा. तिने माणसं घातली, प्रसंग घातले, आणि होता होता एक कादंबरी झाली, "सानाक". ती पुस्तक म्हणून इनुक्टिटुटमध्ये १९८४ साली आली. याच बाईंनी पुढे नुनाविकच्या शाळांसाठी अभ्यासाचं साहित्य लिहिलं, आणि २००० साली मॅकगिल विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली.

हे एवढं लांबण का लावलं? कारण शाळा आल्या तेव्हा "या लोकांना लिपी नाही, पुस्तकं नाहीत, म्हणून त्यांच्या भाषेत शिकवता येत नाही" असं म्हणायची सोयच नव्हती. तरी शाळा इंग्रजीच निघाली.

त्याची कारणं शाळेत शोधून सापडत नाहीत, ती कोर्टात सापडतात. १९१२ मध्ये हा सगळा उत्तरेचा भाग क्वेबेकला जोडला गेला, पण क्वेबेकला तिथल्या माणसांवर खर्च करायचा नव्हता. मदतीचे पैसे कोणी द्यायचे यावरून ओटावाचं केंद्र सरकार आणि क्वेबेक भांडत राहिले. १९३९ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की राज्यघटनेतल्या "इंडियन" या शब्दात इनुइटही येतात, म्हणून जबाबदारी केंद्राची. दुसऱ्या महायुद्धानंतर केंद्राने शाळा उघडायला सुरुवात केली तेव्हा त्या केंद्राच्या भाषेत, म्हणजे इंग्रजीत उघडल्या. शिक्षक दक्षिणेतून यायचे, पुस्तकंही दक्षिणेची. कुज्जुआरापिकला तर १९५५ मध्ये शीतयुद्धातल्या रडार साखळीचा लष्करी तळ बांधायला घेतला. त्याआधीही इथे व्यापारी ठाणं होतं, पण तळामुळे मजुरी मिळू लागली आणि इनुइट आणि क्री दोघंही नदीच्या तोंडाशी कायमचे वसले. इंग्रजी तिथे शाळेबरोबर नोकरीतूनही आली. हे लक्षात ठेवा, नंतर लागेल.

मोठ्या मुलांना पुढच्या शिक्षणासाठी हडसन बेच्या पलीकडे चर्चिलला पाठवत. तिथलं वसतिगृह असलेलं व्यवसाय केंद्र १९६४ ते १९७३ चाललं. आणि त्याच दशकाच्या सुरुवातीला आणखी एक गोष्ट घडली, जी प्रत्येक संशोधक विद्यार्थ्याने माहीत करून घ्यावी. सरकारने वेगवेगळ्या वस्त्यांमधून तीन हुशार मुलगे निवडले, वय बारा वर्षांच्या आसपास, आणि त्यांना ओटावात गोऱ्या कुटुंबांत ठेवून तिथल्या शाळांत घातलं. इनुइट मुलं दक्षिणेच्या शाळेत टिकतात का, हे बघायला. पीटर इत्तिनुआर, एरिक तागूना आणि झेबेदी नुंगाक ही ती तीन मुलं. त्यांच्यावर २००९ मध्ये एक माहितीपट निघाला, त्याच्या नावातच "प्रयोग" हा शब्द आहे.

प्रयोग म्हणून बघितलं तर यात काय होतं? तीन मुलं, तीही निवडून घेतलेली. तुलनेला कोणी नाही. मोजायचं काय ते ठरलेलं नाही. मुलांची संमती नाही. आणि प्रश्नच असा की "ही मुलं आमच्यासारखी होऊ शकतात का". आमची शाळा त्यांच्यासाठी बदलू शकते का, असं कोणी विचारलं नाही. मुलं टिकली, हे खरं. इत्तिनुआर १९७९ मध्ये कॅनडाच्या संसदेतला पहिला इनुक खासदार झाला. नुंगाक नुनाविकला परतला, आणि ज्या कराराबद्दल मी आता सांगणार आहे त्याच्या वाटाघाटींत सरकारसमोर बसला. पण स्वतःच्या घरात, स्वतःच्या भाषेत आणि शिकारीच्या कामात परत रुळायची जी किंमत त्यांनी मोजली, ती त्यांनी स्वतः नंतर सांगितली आहे. सरकारच्या लेखी तो मोजण्याचा विषयच नव्हता.

आता गंमत बघा. इनुक्टिटुटला वर्गात पहिली पक्की जागा मिळाली ती इनुइटांच्या मागणीने नव्हे, तर फ्रेंचच्या राजकारणाने.

१९६० च्या दशकात क्वेबेकमध्ये ज्याला "शांत क्रांती" म्हणतात ती सुरू झाली. फ्रेंच भाषक समाजाने आपला प्रांत आपल्या हातात घ्यायला सुरुवात केली. नैसर्गिक संसाधन खात्याचे मंत्री रेने लेव्हेक यांचं लक्ष उत्तरेकडे गेलं. तिथे नद्या होत्या, खनिजं होती, आणि सरकारच्या नावाने फक्त इंग्रजी बोलणारे केंद्राचे अधिकारी होते. १९६३ मध्ये क्वेबेकने उत्तरेसाठी स्वतंत्र विभाग काढला आणि स्वतःच्या शाळा उघडल्या. पण आधीच इंग्रजी शाळेत जाणारी मुलं फ्रेंच शाळेत का येतील? तर या शाळांनी सुरुवातीची वर्षं इनुक्टिटुटमध्ये शिकवायचं ठरवलं आणि त्यानंतर फ्रेंच. काही गावांत मग दोन सरकारी शाळा झाल्या, एक केंद्राची इंग्रजी आणि एक प्रांताची इनुक्टिटुट-फ्रेंच. बऱ्याच पालकांनी मुलं केंद्राच्याच शाळेत ठेवली. डोना पॅट्रिक आणि पेरी शिअरवुड या अभ्यासकांनी १९९९ च्या एका लेखात हा धागा नीट उलगडला आहे: नुनाविकच्या द्विभाषिक शिक्षणाची मुळं दोन सरकारांच्या चढाओढीत आहेत. आणि "आधी आपली भाषा, मग तिसरीच्या आसपास मोठी भाषा" हा साचा त्याच काळातला.

मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो. आपण एखाद्या धोरणाचा अभ्यास करतो तेव्हा ते मुलांच्या वाढीचा विचार करून आखलं असेल असं धरून चालतो, आणि मग "दुसरीपर्यंतच का" याला मानसशास्त्रीय कारण शोधत बसतो.

पुढचा टप्पा भराभर सांगते, कारण तो कुठल्याही पुस्तकात मिळेल. १९७१ मध्ये क्वेबेकने जेम्स बे परिसरात प्रचंड जलविद्युत प्रकल्प जाहीर केला. क्री आणि इनुइट कोर्टात गेले, काम काही दिवस थांबलंही, आणि शेवटी ११ नोव्हेंबर १९७५ रोजी करार झाला. जमिनीवरच्या हक्कांच्या बदल्यात पैसा, संस्था आणि स्वतःची शालेय मंडळं मिळाली. इनुइटांचं कातिविक शालेय मंडळ १९७८ मध्ये कामाला लागलं. पुव्हिर्निटुक आणि इव्हुजिव्हिक या गावांनी, आणि सालुइटमधल्या काहींनी, करार नाकारला, कारण जमिनीवरचा हक्क कायमचा सोडणं त्यांना मान्य नव्हतं. त्यातल्या पहिल्या दोन गावांनी शिक्षक घडवण्याची वेगळी व्यवस्था एका दुसऱ्या विद्यापीठाबरोबर केली.

कराराच्या शिक्षणाच्या कलमांमध्ये एक वाक्य आहे, जे पुढे १९७७ च्या क्वेबेकच्या भाषा कायद्यातही आलं. त्याचा आशय असा: कातिविकच्या शाळांची भाषा इनुक्टिटुट आणि कराराच्या दिवशी तिथे वापरात असलेल्या इतर भाषा, पण पुढे क्वेबेकमध्ये कुठेही फ्रेंचमधून शिकता यावं या हेतूने फ्रेंचचा वापर वाढवणं हे मंडळाचं उद्दिष्ट राहील. म्हणजे शाळा हातात आली, पण आतला साचा जुना आणि वर एक उद्दिष्टही बांधून दिलेलं.

साचा मोडायला माणसं लागतात. पाचवी-सहावीचं विज्ञान इनुक्टिटुटमध्ये शिकवायला इनुक शिक्षक हवा, आणि तो शिक्षक स्वतः इंग्रजी शाळेत शिकलेला. मंडळाने मॅकगिलबरोबर शिक्षक प्रशिक्षण सुरू केलं, आणि त्यात शिकवणारेही इनुइट, शिकवण्याची भाषाही इनुक्टिटुट असा आग्रह धरला. ही माझ्या मते मंडळाची सगळ्यात मोठी कामगिरी. पण एक गाव, वर्गात दहा-पंधरा मुलं, दरवर्षी शिकून तयार होणारे मोजके शिक्षक. ते खालच्या वर्गांना पुरले, वरच्यांना पुरले नाहीत.

याच काळातला एक छोटा किस्सा लिपीचा. १९७६ मध्ये इनुइट सांस्कृतिक संस्थेने लिपीचं प्रमाणीकरण केलं तेव्हा टाइपरायटरच्या गोळ्यावर सगळी अक्षरं बसेनात, म्हणून "आइ" स्वराचा अख्खा रकाना काढून टाकला. आपल्या बाराखडीतून यंत्राच्या सोयीसाठी एक मात्रा काढली तर कसं वाटेल, तसं. नुनाविकने तो रकाना पुढे परत आणला. आता तर कॉम्प्युटरला काहीच अडचण नाही.

तर १९८० च्या दशकाच्या शेवटी मंडळासमोर प्रश्न होता तो पालकांचा. पालक विचारत होते: तीन वर्षं इनुक्टिटुटमध्ये घालवली तर आमचं मूल इंग्रजीत-फ्रेंचमध्ये मागे पडणार नाही का? सेमी-इंग्लिशच्या रांगेत उभ्या असलेल्या आपल्या पालकांना हा प्रश्न समजावून सांगायची गरज नाही. आणि पालकांच्या बाजूने एक भक्कम पुरावाही होता. १९६५ मध्ये माँट्रियलजवळच्या सेंट लँबर्ट या उपनगरात इंग्रजी भाषक मुलांना बालवर्गापासून संपूर्ण फ्रेंचमध्ये शिकवायला सुरुवात झाली. मॅकगिलच्या वॉलेस लँबर्ट यांनी त्या मुलांचा अनेक वर्षं पाठपुरावा केला. मुलांना फ्रेंच उत्तम आली आणि इंग्रजीचं काहीही बिघडलं नाही. मग इनुइट मुलांना पहिल्या दिवसापासून इंग्रजीत टाकलं तर काय बिघडेल?

लँबर्ट यांनीच याचं उत्तर सुचवून ठेवलं होतं. त्यांनी दोन प्रकार सांगितले: बेरजेची द्विभाषिकता आणि वजाबाकीची द्विभाषिकता. सेंट लँबर्टच्या मुलाची इंग्रजी घरात, रस्त्यावर, टीव्हीवर, दुकानात, सगळीकडे आहे. शाळेने ती दिली नाही तरी ती वाढतेच; फ्रेंच वर मिळते. छोट्या भाषेच्या मुलाचं तसं नाही. शाळेतले तास गेले की त्या भाषेतलं विचार करण्याचं, वाचण्याचं, मोठं बोलण्याचं काम कुठे होणार? नवी भाषा जुनीच्या जागी येते. ही कल्पना छान आहे, पण नुसत्या कल्पनेवर पालक ऐकत नाहीत आणि ऐकूही नये.

मग मॅकगिलचे डोनाल्ड टेलर, त्यांचे विद्यार्थी स्टीफन राइट आणि सहकारी यांनी नुनाविकमध्ये मोजायला सुरुवात केली. बहुतेक गावांत सुरुवातीला फक्त इनुक्टिटुटचा वर्ग असल्यामुळे तुलनेला काही नव्हतं. पण मिश्र वस्तीच्या एका मोठ्या गावात बालवर्गापासूनच तीन वर्ग होते: इनुक्टिटुट, इंग्रजी आणि फ्रेंच. मुलंही तीन गटांतली होती: इनुइट, गोरी, आणि आई-वडिलांपैकी एक इनुक आणि एक गोरं अशी मिश्र घरातली. एकच गाव, एकच मंडळ, वर्गाची भाषा वेगळी. असा आराखडा कोणी मुद्दाम करायला गेलं तर नैतिक समिती परवानगी देणार नाही. इथे तो आधीच तयार होता.

त्यांनी केलं एवढंच की पहिल्या तीन शालेय वर्षांत, प्रत्येक वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी, मुलांची तिन्ही भाषांत चाचणी घेतली. निकाल २००० साली एका नामांकित शैक्षणिक मानसशास्त्राच्या नियतकालिकात आला. इंग्रजी किंवा फ्रेंच वर्गातल्या इनुइट मुलांची इनुक्टिटुट मागे राहिली. ही लँबर्टची वजाबाकी. पण दुसरी गोष्ट जास्त बोलकी होती. ही मुलं वर्गातली नवी भाषाही त्याच वर्गात बसलेल्या मिश्र घरातल्या मुलांइतकी शिकत नव्हती. उलट इनुक्टिटुट वर्गातल्या इनुइट मुलांचं स्वतःच्या भाषेवरचं प्रभुत्व, गोऱ्या मुलांचं त्यांच्या भाषेवर असेल त्या तोडीचं होतं. त्याआधी १९९५ मध्ये राइट आणि टेलर यांनी मुलांच्या आत्मसन्मानावर लिहिलं होतं. लहान मुलांना प्रश्नावली देता येत नाही, म्हणून मुलांचे फोटो समोर ठेवून यातलं हुशार कोण, आवडणारं कोण असं निवडायला सांगायचं, ही पद्धत. बालवर्गाच्या एका वर्षात इनुक्टिटुट वर्गातल्या इनुइट मुलांचा स्वतःबद्दलचा आदर वाढला; दुसऱ्या भाषेच्या वर्गातल्यांचा तसा वाढला नाही. आणि "मुळात ही मुलं कमी हुशार आहेत" ही कुजबुज तपासण्यासाठी त्यांनी भाषेवर न अवलंबणारी आकृत्यांची रेव्हन चाचणीही वापरली. मुलं कुठे कमी नव्हती.

आता तुमच्यातला परीक्षक जागा करा. कोणत्या मुलाने कोणत्या वर्गात बसायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरलेलं नव्हतं, पालकांनी ठरवलं होतं. ज्या घरात आधीच इनुक्टिटुट जोरात आहे ते घर इनुक्टिटुट वर्ग निवडेल. मग शेवटी दिसलेला फरक वर्गाचा की घराचा? वर्षाच्या सुरुवातीची चाचणी इथे कामाला येते: शेवटचे गुण न बघता मूल किती पुढे सरकलं ते बघता येतं. पण घर मुलाला फक्त सुरुवात देत नाही, वेगही देतं, त्यामुळे हा आक्षेप पूर्ण मिटत नाही. शिवाय हे एका गावातले वर्ग आहेत. शिक्षक चांगला-वाईट निघाला तरी निकाल हलू शकतो. एवढं मान्य करूनही एक गोष्ट उरते. पालकांची भीती अशी होती की इनुक्टिटुट दिली तर दुसरी भाषा जाईल, आणि दुसऱ्या भाषेत लवकर टाकलं तर ती तरी पक्की होईल. त्या भीतीला आधार मिळेल असं आकड्यांत काही दिसलं नाही. २००९ मध्ये एस्थर उसबॉर्न आणि सहकाऱ्यांनी अनेक वर्षांचा डेटा घेऊन दाखवलं की ज्यांची इनुक्टिटुट सुरुवातीला मजबूत, त्यांची पुढे इंग्रजी-फ्रेंचही बरी. हा सहसंबंध आहे. एका भाषेत चुणचुणीत मूल दुसरीतही असणारच, असं कोणी म्हणू शकतं. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये हे संशोधन द्याल तेव्हा "सिद्ध झाले" असं न लिहिता "याच्याशी सुसंगत" असं लिहा. वाक्य थोडं कमजोर दिसेल, पण व्हायव्हात तेच तुम्हाला वाचवेल.

मग एवढं दिसल्यावर तिसरीची रेषा पुढे का सरकली नाही? इथे आकड्यांचे लोक, म्हणजे माझ्यासारखे, अडतात, आणि पहिल्या परिच्छेदातलं गाव परत लागतं. डोना पॅट्रिक यांनी कुज्जुआरापिकमध्ये राहून, लोक कोणाशी कोणत्या भाषेत बोलतात ते ऐकून २००३ मध्ये एक पुस्तक लिहिलं. त्यांनी चाचणी घेतली नाही. त्यांनी भाषांचा बाजार बघितला: कोणती भाषा कुठे काय मिळवून देते. इनुइट आणि क्री एकमेकांशी बोलतात ती बहुतेक इंग्रजीत, रडार तळाच्या दिवसांपासून. फ्रेंचची किंमत वाढत होती, कारण प्रांताच्या नोकऱ्या तिथून येतात. आणि इनुक्टिटुटचा स्वतःचा एक बाजार होता: घर, शिकार, गावचं राजकारण, आणि करारानंतर उभ्या राहिलेल्या इनुइट संस्थांमधल्या नोकऱ्या. शाळेतली शिक्षिका ही त्यातलीच एक नोकरी. म्हणजे पालक तिसरीत इंग्रजी निवडतात तेव्हा ते आपल्या भाषेला कमी लेखतात असं नाही. ती घरात आणि गावात मिळतेच असं त्यांना वाटतं, आणि शाळेकडून त्यांना ते हवं असतं जे घरी मिळत नाही. टेलर-राइट यांचे आकडे नेमकं याच गृहीतकावर बोट ठेवतात, की वाचण्या-लिहिण्याची, वर्गात विचार मांडण्याची इनुक्टिटुट घरी आपोआप मिळत नाही. दोन अभ्यास दोन पद्धतींचे आहेत, पण शेजारी ठेवून वाचले तरच पालकांचा निर्णय कळतो.

कातिविक मंडळाचं नाव २०१७ मध्ये बदलून पूर्ण इनुक्टिटुट झालं, कातिविक इलिसार्निलिरिनिक. शेजारच्या नुनावुतने तर रेषाच पुसायचं ठरवलं होतं. तिथल्या २००८ च्या शिक्षण कायद्याने २०१९ पर्यंत बारावीपर्यंतच्या सगळ्या वर्गांत इनुइट भाषेतून शिक्षण द्यायचं बंधन घातलं. २०१९ जवळ आलं तेव्हा शिकवायला पुरेसे इनुइट भाषक शिक्षक नव्हते. २०२० मध्ये कायदा बदलला, आणि वरच्या वर्गांपर्यंतची मुदत २०३९ वर गेली. कायदा झाला त्या वर्षी सहा वर्षांचं असलेलं मूल तेव्हा ३७ वर्षांचं असेल. इनुइटांच्या संघटनेने यावर सरकारला कोर्टात खेचलं आहे.